उन्हात न दिसणारी ज्योत

फुंकरकाका कुठल्याही स्टोव्हला हात लावण्याआधी त्यावर फुंकर मारत. स्टोव्ह पेटता असो, विझलेला असो, नाहीतर कारखान्याच्या खोक्यातून नुकताच कागदात गुंडाळलेला बाहेर आलेला असो, नियम एकच. आधी फुंकर, मग उजव्या हाताची पाठ वीतभर उंचीवर धरायची, मनात दहापर्यंत मोजायचं, आणि मगच बोट लावायचं. नवीन गिऱ्हाईक आधी हसायचं, मग घड्याळाकडे बघायचं. काका आपले मोजत असायचे.

त्यांचं दुकान गावाच्या वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि डोंगराची पायवाट सुरू होते तिथे. तंबू, दोऱ्या, पाठपिशव्या, काठ्या, बाटल्या आणि स्टोव्ह. दुकानामागे पत्र्याच्या कामाची खोली आणि तिच्या मागे फरशी घातलेलं एवढंसं अंगण. काका मूळचे पत्र्याचे कारागीर. डोंगरात जाणाऱ्यांसाठी ते हलकी भांडी करत, वाऱ्याचे आडोसे करत, गळक्या किटल्यांना डाख लावून देत. हाताला सफाई अशी, की जोड कुठे आहे ते शोधून काढावं लागे. पण त्यांचं कौतुक करायला कुणी फारसं धजत नसे, कारण कौतुक करणाऱ्यालाही ते दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडत नसत.

गल्लीला त्यांच्या दोन गोष्टींची गंमत वाटे. एक ही फुंकर, आणि दुसरी म्हणजे त्यांचा आवाज. स्वच्छ ऊन पडलेलं असलं, की दुपारी बाराच्या ठोक्याला काकांचा आवाज नाहीसा व्हायचा. घोगरा व्हायचा, बसायचा, असं नव्हे. तोंड उघडलं तर नुसती हवा. पाऊण तासाने, कधी तासाने, तो आपोआप परत यायचा. आभाळ भरून आलेलं असलं तर काहीही होत नसे. दोन डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. एकाने गरम पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याने थंड. मग काकांनी तो नादच सोडला आणि दुपारच्या गिऱ्हाइकांसाठी एक पाटी आणि खडू आणून ठेवला. शेजारचा घड्याळवाला आपल्या दुकानातून ओरडायचा, "काकांचा आवाज जेवायला गेलाय, तासाभराने या!" हा विनोद तो वीस वर्षं करत होता, आणि वीस वर्षं त्याला स्वतःलाच त्याचं हसू येत होतं.

काका हसत नसत. आवाज कुठे जातो, याचा त्यांना संशय होता.

वीस वर्षांपूर्वी दुकान दोघा भावांचं होतं. थोरला दादा, धाकटे हे. दादा यांना 'बारक्या' म्हणायचा, तेसुद्धा दोघेच डोंगरात असताना. घरात बायको आल्यावर धाकट्या भावाचा मान राखायला हवा, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे खाली गावात हे नाव कुणाच्या कानावर कधी पडलंच नाही. दर वर्षी वाट मोकळी झाली, की दोघे खिंडीतल्या दगडी निवाऱ्यात पांघरुणं, दोऱ्या आणि औषधाची पेटी ठेवून यायचे. निवाऱ्यासमोर एक लांबरुंद सपाट शिळा आहे. तिला सगळे ओटा म्हणतात.

त्या ओट्यावर दोघे भाऊ चहा करत बसले होते. स्टोव्ह स्पिरिटचा, काकांनीच बनवलेला, तळहातावर मावेल एवढा पत्र्याचा वाडगा आणि त्याच्या कडेला बारीक भोकं. डोक्यावर लख्ख ऊन, आजूबाजूला उरलंसुरलं बर्फ चमकत होतं. पाण्याला आधण येईना. दादाने भांडं बाजूला केलं, स्पिरिटची बाटली उचलली आणि विचारलं, "विझली का रे?"

काकांनी वाकून पाहिलं. चांगलं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. म्हणाले, "विझली. ओत."

स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही. काकांना हे ठाऊक होतं, शंभर गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः ते बजावून सांगितलं होतं. पण स्वतः बनवलेला स्टोव्ह, स्वतःचे डोळे आणि समोर स्वतःचा भाऊ. अशा वेळी माणूस गिऱ्हाइकाला सांगितलेलं आठवत बसत नाही. ज्योत धारेवरून वर चढून बाटलीत गेली.

दादाला पाठीवर घेऊन काका खाली आले. तीन दिवस तो दवाखान्यात होता. त्या तीन दिवसांत त्याला एक शब्दही बोलता आला नाही, आणि चौथा दिवस त्याने पाहिला नाही.

कसं झालं, असं वहिनींनी विचारलं. काका तोंड उघडणार, एवढ्यात त्याच म्हणाल्या, "घाई केली असेल यांनी. यांना प्रत्येक गोष्टीची घाई." काकांनी मान हलवली. खोटं म्हणाल तर एवढंच, मान हलवण्याएवढं. पण तेवढ्यावर दादा गावभर घाईचा ठरला. आया मुलांना दटावताना त्याचा दाखला देऊ लागल्या, आणि त्याची पाच वर्षांची पोर ते ऐकत ऐकत मोठी झाली. काका मिठाची गुळणी धरून बसले. पायवाटेच्या पहिल्या वळणापुढे त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आणि मग भाजलेली माणसं दुकानात येऊ लागली.

पहिल्यांदा आले ते दोघे मित्र, दादा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी. एकाच्या भुवया आणि पुढचे केस गेले होते, आणि तो दुसऱ्यावर तोंडसुख घेत होता. "तूच म्हणालास ना विझली म्हणून?" दुसरा बिचारा शपथेवर सांगत होता की तेव्हा तो निवाऱ्यात पांघरुणं झटकत होता. काकांनी मलम दिलं आणि हात खिशात घातले. पुढे काही वर्षांनी फोटो काढणारी एक बाई आली, डावा हात फडक्यात गुंडाळलेला. ती एकटीच गेली होती. "पण कुणीतरी बाजूला बोलल्यासारखं झालं बघा," ती म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. काकांनी जागा विचारली. ओटा. वेळ विचारली. दुपारचे बारा, ऊन स्वच्छ. त्या दिवशी काकांनी स्पिरिटचे सगळे स्टोव्ह आतल्या खोलीत वरच्या फळीवर उलटे ठेवून दिले आणि विचारील त्याला "संपलेत" म्हणून सांगू लागले.

पण स्टोव्ह काही जगात त्यांचंच एक दुकान विकत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एक शाळामास्तर आले, संध्याकाळी, दोन्ही तळव्यांना पट्ट्या. काका आतून नेहमीसारखे म्हणाले, "या, बसा." मास्तर उंबऱ्यातच थबकले. चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही... परवा वर खिंडीत आला होता का हो?"

"मी सतरा वर्षांत वर गेलेलो नाही," काका म्हणाले.

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग काही न घेता पायऱ्या उतरले, आणि त्यानंतर ते या बाजूला फिरकले नाहीत. काकांचा संशय खरा ठरला. ओट्यावर दादाला जे सांगितलं, ते तिथे अजून सांगितलं जात होतं, आणि त्यासाठी आवाज इथून जात होता. कुणाला सांगावं तर आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं. काका भित्रे होते. हे मी माझ्या पदरचं म्हणत नाही, ते स्वतःच स्वतःला तसं म्हणत.

अशात एके दिवशी सकाळी चिंगी आली. चिंगी म्हणजे दादाची तीच मुलगी. आता पंचवीस वर्षांची, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला, गळ्यात दुर्बीण; पण काकांच्या तोंडी चिंगी ती चिंगीच. आल्या आल्या ती आत जाऊन माठातलं पाणी प्यायली आणि तिने काउंटरवर हात टेकले.

"काका, स्टोव्ह हवाय. हलका. गॅसचा नको."

"गॅस का नको? हल्ली सगळे गॅसच नेतात. बटण दाबलं की पेटला."

"चाळीस दिवसांचे रिकामे डबे पाठीवरून खाली कोण आणणार, तू? आणि पहाटेच्या थंडीत तो डबा नुसता फुसफुसतो. गेल्या वर्षी त्याने माझ्या नाकी नऊ आणले."

"चाळीस दिवस? कुठे चाललीस एवढी?"

"खिंडीत. कड्याच्या कपारीत घरटी आहेत ती मोजायची. निवाऱ्यात राहणार. आठवड्यातून एकदा माणूस शिधा आणून देईल, बाकी मी आणि पक्षी."

काकांच्या हातात पत्र्याची कात्री होती. ती त्यांनी फार हळू खाली ठेवली. मग ते उठले आणि दुकानात होता तो सर्वांत मोठा स्टोव्ह घेऊन आले. फुंकर मारली, हाताची पाठ धरली, दहा मोजले.

"हा ने. पंपाचा, रॉकेलचा. वादळात ठेवलास तरी विझणार नाही."

"विझायचा नाही, पण उचलायचा कुणी?" चिंगीने तो उचलून पाहिला. "याच्यापेक्षा तूच चल माझ्या पाठीवर बसून. पेटव तरी."

काकांनी पंप मारला, पिन घातली, पेटवला. स्टोव्ह असा घोंघावू लागला की फळीवरच्या ताटल्या थरथरल्या आणि घड्याळवाला काय झालं बघायला बाहेर आला. चिंगीने कानांवर हात ठेवले. "हे ऐकून माझे पक्षी पलीकडच्या डोंगरावर बिऱ्हाड हलवतील! बंद कर!"

मग काकांनी घडीची चूल काढली, चार पत्रे एकमेकांत अडकवायची, काटक्यांवर चालणारी. वजन नाहीच म्हणा ना. "वर झाड आहे का एक तरी?" चिंगी म्हणाली. "दगड घालू का तिच्यात? आणि धूर झाला की संपलंच." मग जळणाच्या पांढऱ्या वड्यांचा डबा निघाला. चिंगीने झाकण उघडून नाक मुरडलं. एका वडीत एक कप चहा धड होत नाही, भांड्याचं बूड काळंकुट्ट होतं, आणि चाळीस दिवसांना लागतील किती ते तूच मोज, असं ती म्हणाली. काकांनी मनात हिशोब केला. पिशवीभर होत होत्या. त्यांनी डबा मुकाट्याने जागेवर ठेवला.

"आता सरळ स्पिरिटचा दे," चिंगी म्हणाली. "तू बनवतोस तो. आवाज नाही, धूर नाही, खिशात मावतो."

"संपलेत."

"संपलेत काय! आत फळीवर उलटे घातलेत. आत्ता पाणी प्यायला गेले तेव्हा पाहिले मी."

"स्पिरिट द्यायचं नाही म्हणजे नाही!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की त्यांचे तेच दचकले.

चिंगी चिडली नाही. उलट तिचा आवाज मऊ झाला. "बाबांमुळे ना? काका, बाबांनी घाई केली. बघितलं नाही आणि ओतलं. मी घाई करत नाही. माझं कामच मुळी बघायचं आहे. समोरच्या कड्यावरच्या कपारीतलं अंडं दिसतं मला. मी नीट बघेन, मगच ओतेन."

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. पोर नीट बघणार होती. अगदी त्यांनी बघितलं होतं तसंच. बापाच्या मरणातून ती एकच गोष्ट शिकली होती आणि ती गोष्टच चुकीची होती, आणि ती तिला शिकवली होती त्यांच्या हललेल्या मानेने. त्यात तिथे बाजूला बसून कुणी घरच्या आवाजात म्हणणार होतं, ओत. दुसरा कुठला स्टोव्ह गळ्यात मारावा तर पोरीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्या कामाला स्पिरिटशिवाय दुसरं काही चालणार नव्हतं. आज नाही दिला तर ती दुसरीकडून घेईल, जसा मास्तरांनी घेतला होता.

"चल मागे," ते म्हणाले.

साडेदहाचं ऊन अंगणात अगदी सरळ उतरलं होतं. काकांनी फळीवरचा एक स्टोव्ह फरशीवर ठेवला, त्यात दोन घोट स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. भप्प झालं तेवढंच. पुढे काही दिसेना. हवा मात्र जरा हलल्यासारखी वाटत होती. दोघं उकिडवी बसून राहिली. थोड्या वेळाने ती हलणारी हवाही दिसेनाशी झाली.

"आता बघ," काका म्हणाले. "तुझ्या त्या अंडी दिसणाऱ्या डोळ्यांनी बघ. विझली का?"

चिंगी वाकली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "विझली," ती म्हणाली आणि तिने बाटली उचलली.

काकांनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने खिशातून चिमूटभर मीठ काढून वाडग्यावर सोडलं. एक वीतभर पिवळी ज्योत दोघांच्या मध्ये उभी राहिली. ती पहिल्यापासून तिथेच होती. चिंगी मागे सरकली ती फरशीवर बसलीच.

"तुझ्या बाबाने घाई केली नव्हती," काका म्हणाले. "त्याने मला विचारलं. मी वाकून बघितलं, तू आत्ता बघितलंस ना, तसंच. आणि मी म्हणालो, विझली, ओत."

पलीकडे घड्याळवाला कुणाशी तरी मोठ्याने हसत होता. पिवळी ज्योत हळूहळू खाली बसत गेली आणि पुन्हा दिसेनाशी झाली. काकांना वाटलं, आता थांबलो तर पुढचं जन्मात बोलता येणार नाही.

"अजून एक आहे. भरतानाच चिमूटभर मीठ घालायचं, आणि पुन्हा भरण्याआधी परत. ज्योत दिसली तर झाकण लावून विझवायची, हाताची पाठ धरायची, दहा मोजायचे. आणि वर ओट्यावर दुपारी कुणी काही म्हणालं, तर ऐकायचं नाही. माझ्या आवाजात म्हणालं तर मुळीच ऐकायचं नाही."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. चिंगी लहानपणापासून या दुकानात येत होती, त्या पाटीवर तिने खडूने चित्रं काढली होती. ती काकांच्या गळ्याकडे बघत राहिली.

"दुपारी तुझा आवाज..."

"हो."

"आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"ती वीस वर्षं बाबांवर चिडून आहे, काका. त्यांच्या फोटोशी भांडते. मी पण भांडायचे." तिने झाकण लावून स्टोव्ह उचलला, हाताची पाठ धरायला ती विसरली नाही. काकांनी मिठाची लहान डबी पुढे केली. तिने ती त्यांच्याकडे न बघता घेतली. दारात पोचल्यावर म्हणाली, "आईला तू सांगायचंस. मी सांगणार नाही." आणि पायऱ्या उतरून गेली. येते म्हणून सांगण्याचीही तिला इच्छा झाली नाही.

चिंगी वर गेली त्या दिवसापासून असं ऊन पडलं की आभाळात औषधालाही ढग नाही. रोज बाराला आवाज जायचा. काका गळ्यावर हात ठेवून बसायचे आणि त्यांच्या मनात यायचं, आता तो पोरीच्या शेजारी जाऊन बसला असेल. एकदा त्यांनी गळ्याभोवती मफलर करकचून आवळला. घड्याळवाल्याला त्या दिवशी नवीन विनोद मिळाला. एकदा त्यांनी ठरवलं की आवाजाला जागचं हलूच द्यायचं नाही. साडेअकरापासून ते मालाची यादी मोठमोठ्याने वाचत बसले. "दोरी, पातळ. दोरी, जाड. तंबूचे खुंटे, लोखंडी. तंबूचे खुं—" शब्द मध्येच तुटला. उरलेला अर्धा शब्द कुणीतरी ओढून न्यावा तसा गेला. काका उघड्या तोंडाने यादीकडे बघत राहिले.

रोज सकाळी ते वहिनींकडे जायला निघत, त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नळापर्यंत पोचत आणि तिथे हात धुऊन परत येत. पहिल्या आठवड्याने शिधा पोचवणाऱ्या माणसाबरोबर चिठ्ठी आली: 'ठीक आहे.' दुसऱ्या आठवड्याची चिठ्ठी होती: 'मीठ संपत आलं. जास्त पाठव.' काकांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. ती डबी चाळीस दिवसांना पुरून उरली असती. त्यांनी किलोभर मीठ बांधून दिलं आणि त्या माणसाला कान किटेपर्यंत सांगितलं की आधी ते तिच्या हातात दे, बाकीचं मग.

त्यानंतरचे पाच दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकोणिसाव्या दिवशी ते नळाजवळ हात न धुता पुढे गेले. वहिनी शिवणकाम करत. दार उघडंच होतं आणि मशीन चालू होतं.

"या भाऊजी. चिंगीचं काही कळलं?"

"बरी आहे."

ते स्टुलावर बसले. वहिनींनी पाणी दिलं. काका ते प्यायले, मग त्यांनी पेला पुसला, मशीनचं तेल कुठून आणता ते विचारलं. असा वेळ काढता काढता भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा एकदा सुटलो. आता तोंड उघडलं तरी नुसती हवा येणार होती. त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची इतकी किळस आली की त्यांनी तोंड उघडलं.

"वहिनी, दादाने घाई केली नव्हती. त्याने मला विचारलं होतं. मी म्हणालो विझली, म्हणून त्याने ओतलं."

आवाज आला. दुपारी बारा वाजता, भर उन्हात. मशीन थांबलं.

वहिनींनी हातातलं कापड मशीनवरून काढून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "वीस वर्षं, भाऊजी. वीस वर्षं मी मेलेल्या माणसाला बोल लावला."

"हो."

"जा तुम्ही आता."

काका उठले. ते दारात पोचले तेव्हा मागून प्रश्न आला, "पोरीला माहीत आहे?"

"तिला सांगूनच वर पाठवली."

"तेवढं बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. काका गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मशीन पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं नाही. दुकानाशी येऊन त्यांनी घड्याळवाल्याला विचारलं, "किती वाजले रे?" त्याच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला आणि तो तास न् तास सापडला नाही. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. तेव्हापासून आवाज कधी गेला नाही. वहिनी मात्र दुकानाकडे आल्या नाहीत, आणि काकांनी बोलावण्याची वाटही पाहिली नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी चिंगी खाली उतरली. उन्हाने काळवंडलेली, गालफडं वर आलेली. तिने स्टोव्ह काउंटरवर ठेवला. काकांनी फुंकर मारली, हाताची पाठ धरली, दहा मोजले. चिंगीही बरोबरीने ओठ हलवत मोजत होती.

"रोज यायचा," ती म्हणाली. "बाराला. ओट्यावर माझ्या डाव्या हाताला. 'विझली, ओत.' तुझाच आवाज, पण तरुण. मी मीठ टाकायचे, ज्योत दाखवायचे, म्हणायचे, नाही विझली काका. मग गप्प व्हायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी निवाऱ्यात बसून चहा करून पाहिला, तर दाराबाहेरून यायचा."

काकांना तिच्याकडे बघवेना.

"भीती वाटली रे. आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे तो मायेने बोलायचा. तेराव्या दिवशी मी फार दमले होते. त्याने सांगितलं आणि मी बाटली कलती केली. तू म्हणाला होतास, माझ्या आवाजात म्हणालं तर मुळीच नाही, ते आठवलं म्हणून थांबले. खाली ज्योत होती, काका."

"आणि मग?" काकांनी कसंबसं विचारलं.

"एकोणिसाव्या दिवशी आला नाही."

काकांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"बारा वाजले, सव्वाबारा झाले. मी आपली वाट बघतेय. शेवटी मीठ टाकायला हात पुढे केला, तेव्हा दुसरंच कुणीतरी बोललं. उजव्या हाताला. दमलेला आवाज, माझ्या ओळखीचा नाही. आणि माझ्याशी नाही बोलला. माझ्या पलीकडे डावीकडे कुणीतरी बसलं असावं ना, तसा त्याच्याशी बोलला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'राहू दे रे बारक्या. मलाही नव्हती दिसली.'"

काका मागच्या स्टुलावर मटकन बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि खांदे हलू लागले तेव्हा चिंगी काउंटरला वळसा घालून धावत आत आली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एकोणिसाव्या दिवसापासून ते शब्द तिच्या डोक्यात घोळत होते आणि त्यांचा अर्थ तिला लागला नव्हता.

"काका," तिने विचारलं, "बारक्या कोण रे?"